विहीणबाईंनी शोधलेलं हॉटेल

कॉव्हेंट्रीत माझं सगळं आयुष्य गेलं, नाना तऱ्हेची माणसं बघितली, पण लेकीच्या घरात सहा महिने राहायचं आणि लेकीच्या घरचा एक घास तोंडात घालायचा नाही, असली बाई उभ्या इंग्लंडात एकच येऊन गेली, ती माझी विहीण. माझ्या सुनेची आई. मिरजेची. आमच्या मुलखात जुनी पद्धत होती, लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या सासरी जेवायचं नाही. माझ्या आईनं पाळली, तिच्या आईनं पाळली. पण त्यांना पाळायला सोपं होतं. लेकीचं गाव जवळ, सकाळी यायचं, सोप्यावर टेकायचं, लेकीचं तोंड बघायचं आणि भाकरीच्या वेळेला आपल्या घरी. विहीणबाईंना घरी जेवायला जायचं म्हणजे विमान लागत होतं. दुसरी कुणी असती तर म्हणली असती, राहू दे आता, परदेशात कोण बघतंय. पण विहीणबाईंनी सगळी नोकरी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत केलेली. लाउडस्पीकरवरनं गाड्या पुकारायच्या. एकदा पुकारलेली गाडी परत फिरवायची नाही, हा त्यांचा स्वभावच झाला होता.

आल्या त्याच मुळी खाण्याचं कोठार घेऊन. एका बॅगेत कपडे, आणि ते पण थोडेच. दुसरीत भडंग, चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, आणि दशम्या इतक्या की विमानतळावरच्या साहेबानं एक उचलून उजेडाकडं धरून बघितली म्हणे. सुनेनं, म्हणजे आमच्या रोहिणीनं, आई येणार म्हणून हॉस्पिटलातनं रजा काढून पुरणपोळ्या केलेल्या. विहीणबाई ताटावर बसल्या, पोळीचा वास घेतला, "वा, पुरण छान शिजलंय गं," म्हणल्या, आणि पिशवीतनं भडंग काढून खायला लागल्या. माझा संजय, म्हणजे त्यांचे जावई, हातातला घास तसाच धरून बसला. विहीणबाईच त्याला म्हणल्या, "जेवा जावईबापू, माझ्याकडं बघू नका. नातवंड झालं की बघा, असं जेवीन की तुम्हाला दुकान पुरणार नाही." रोहिणी उठली आणि नळ सोडून उगीच भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

त्यांच्या नियमाला पोटनियम पण होते. पाणी चालायचं, कारण पाणी कौन्सिलचं, जावयाचं नाही. वीज चालायची, कारण ती दिसत नाही. म्हणून किटलीत पाणी उकळायचं, त्यात स्वतःची चहापावडर घालायची. दूध मात्र जावयाचं, म्हणून कोरा. साखर स्वतःची, डब्यातली. रोहिणीनं एकदा न सांगता डब्यात घरची साखर भरून ठेवली, तर विहीणबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणल्या, "ही आपल्याकडची नव्हे. हिचा दाणा बारीक आहे." तो चहा कुंडीतल्या झाडाला गेला. मी म्हटलं, माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे, माझ्याकडं जेवा. तर म्हणल्या, "अहो विहीणबाई, तुमचं घर म्हणजे तिचं सासरच की. ते तर मोठं घर झालं." नियम घालणाऱ्याशी वाद घातला की नियम वाढतात.

आणि मान! मी वरमाय, म्हणून मी खोलीत आले की त्या उठून उभ्या राहायच्या. मी पाणी आणायला गेले आणि परत आले, परत उभ्या. टीव्हीचा रिमोट शोधायला म्हणून फिरत होते, तर तेवढ्यात बाईंच्या चार-पाच उठाबशा झाल्या. एकदा बसमध्ये त्या आधी चढून बसल्या होत्या, मी मागनं चढले, तर चालत्या बसमध्ये उभ्या राहिल्या आणि पडता पडता एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या टोपीला धरलं. मला लई अवघड व्हायचं. लग्न करून मी इथं आले तेव्हा मालक फाउंड्रीत कामाला होते. मी मोटारींच्या सीटा शिवायच्या कारखान्यात. बर्फातनं चालत बस गाठायची, बोटं वळायची नाहीत, सुई बोटात गेली तरी लवकर कळायचं नाही. फोरमन हाक मारायचा ती पण नावानं नाही. मालक गेले, पोरगं शिकवलं, दिवस गेले. झालं ते झालं. पण माझ्यासाठी कुणी खुर्चीवरनं उठलं होतं, असं काही मला आठवत नव्हतं. म्हणून मी त्यांना म्हणायची, "अहो बसा की," आणि त्या म्हणायच्या, "तुम्ही बसल्याशिवाय कशी बसू?" मग आम्ही दोघी उभ्याच.

बस स्टॉपवर तर विचारूच नका. लांबनं बस दिसली की यांचा जुना आवाज जागा व्हायचा. "कृपया इकडं लक्ष द्या! रेल्वे स्टेशनकडं जाणारी गाडी येत आहे. प्रवाशांनी घाई करू नये." सगळं मराठीत. रांगेतली गोरी माणसं सरळ उभी राहायची. एका बाईनं तर त्यांना विचारलं, ही गाडी हॉस्पिटलला थांबते का. विहीणबाईंनी मान डोलावून "येस" म्हटलं. ती थांबत नव्हती. पण आवाजच असा की त्या बाईला शंका आली नाही, चढून गेली बिचारी.

असं चाललं होतं आणि मग भडंग संपलं. मग चिवडा. दशम्या तर केव्हाच गेल्या. लाडवाचा शेवटचा चुरा बाईंनी डब्याच्या कोपऱ्यातनं चमच्यानं काढून खाल्ला. रोहिणी माझ्याकडं आली आणि रडायलाच बसली. "आई उपाशी राहील, पण माझ्या हातचं खाणार नाही." संजय म्हणला, भारतीय दुकानातनं भडंग आणतो. तर त्याच्या पैशाचं ते त्याच्या घरचंच, असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी साडीवर संजयचं जुनं जाकीट चढवलं, डोक्याला जांभळी लोकरीची टोपी, पायात बूट, खांद्याला पर्स, आणि "मी माझी व्यवस्था बघून येते" म्हणून बाहेर पडल्या. दुपार उलटली तरी पत्ता नाही. मी दारात उभी. शेवटी गल्लीच्या तोंडाला जांभळी टोपी दिसली आणि पन्नास पावलांवरनं पुकारा आला, "विहीणबाई! हॉटेल सापडलं!"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेल्या. त्या पुढं, मी मागं. वळण घेतलं आणि मी थांबलेच. हे तर माझ्या बस स्टॉपमागचं दुकान. कारखान्यात जाताना सगळी वर्षं मी त्याच्या काचेला पाठ लावून उभी राहायची, कारण आतल्या वाफेनं काच गरम असायची. पाठीला ऊब लागायची, पुढनं थंडी. आत कधी गेले नाही. आत जायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. आणि ही बाई मिरजेहनं आली आणि सरळ दार ढकलून आत.

आत गेले तर काय, काळ तिथंच बसलेला. लाल रेक्झिनची बाकं, काही ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. मी आधी शिवण बघितली, शिवण चांगली होती. पिवळट टेबलं, तपकिरी फरशा भिंतीला, काचेच्या बरणीत साखर, तिला वर नळी. बंद पडलेलं घड्याळ. गाण्याचं एक मोठं मशीन, ते पण बंद, त्याच्यावर फुलदाणी. भिंतीवर कुठल्या तरी कारखान्याच्या फुटबॉलवाल्यांचा काळा-पांढरा फोटो. आणि चहाचा हा एवढा मोठा चकचकीत बंब, मधनंच शीळ घालणारा. मालक टेरी म्हणून एक म्हातारा, पोट पुढं, ॲप्रन त्याच्याही पुढं. हॉटेल त्याच्या बापाचं. बापानं ठेवलेली एक वस्तू त्यानं हलवलेली नाही, घड्याळाला सुद्धा हात लावलेला नाही. विहीणबाई मला म्हणल्या, "बघा! अगदी आमच्या स्टँडचं कँटीन. फक्त माश्या नाहीत." आणि स्वस्त असं की पोटभर खाऊन बाहेर आलं तरी पर्सला कळायचं नाही.

बाई शाकाहारी. टेरीनं टोस्टवर बीन्स घालून दिले, बाजूला भाजलेला टोमॅटो, बटाट्याच्या फोडी. विहीणबाईंनी ताटाकडं बघितलं, म्हणल्या, "ही उसळ झाली. पण आजाऱ्याची." पर्समधनं लसणाची चटणी काढली आणि वर अशी पेरली की खालचं काही दिसेना. टेरी बघत होता. म्हणला, "व्हॉट्स दॅट, लव्ह?" इथं कुणालाही लव्ह म्हणतात. बाईंनी त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवली. त्यानं चाटली, तो लाल झाला, डोळ्यांतनं पाणी, बंबाला धरून उभा राहिला. मग हात परत पुढं केला.

मग त्या रोजच जायला लागल्या. मला पण घेऊन. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेरीला रीतभात शिकवली. त्यानं त्यांच्या पुढ्यात आधी ताट ठेवलं, तर त्यांनी ते उचलून माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणल्या, "नो, नो. शी बॉय मदर. आय गर्ल मदर. शी फर्स्ट." टेरीनं जरा विचार केला. तेव्हापासनं मी दार उघडलं की तो काउंटरमागनं ओरडायचा, "बॉय मदर फर्स्ट!" आणि सगळं हॉटेल माझ्याकडं बघायचं. एक सायकलवाला तरुण तर उठून उभा राहायला लागला. ज्या काचेला मी बाहेरनं पाठ लावायची, तिच्या आतल्या बाजूला मी बसलेली आणि माझ्यासाठी माणसं उठतायत. मी चहा पीत राहायची.

पुढं पुढं तर बाईंनी हॉटेलच हातात घेतलं. टेरीचा आवाज बसका. ऑर्डर तयार झाली की तो पुटपुटायचा, कुणाला ऐकू जायचं नाही, अंडी थंड व्हायची. विहीणबाईंना हे बघवेना. एक दिवस उठल्या, काउंटरपाशी उभ्या राहिल्या आणि आवाज लावला. "कृपया इकडं लक्ष द्या! टेबल नंबर फोर! एग, चिप्स, टी! टेबल नंबर फोर!" कपबशा वाजल्या. टेबल नंबर चारचा माणूस पळत आला. नंतर लोकांना त्याची इतकी सवय लागली की बाई नसल्या की लोक विचारायचे, आज अनाउन्समेंट नाही का. बाकावर पाय ठेवणं पण त्यांनी बंद केलं. टेरी खूश. म्हणायचा, बापाच्या वेळेला असं भरायचं.

पण रोज संध्याकाळी घरी आलं की बाई रोहिणीला सांगायच्या, आज काय खाल्लं, टोस्ट कसा कुरकुरीत होता, टेरीनं जास्तीचा टोमॅटो कसा दिला. रोहिणी पळी हातात धरून ऐकायची. आणि मग शेवटी ठरलेलं वाक्य, "नातवंड झालं की बघ, तुझ्या हातचं कसं खाते ते." हसत म्हणायच्या. त्यांच्या मनात काही नसायचं. पण मला माहीत होतं, संजयला माहीत होतं. दवाखाने झाले, सुया झाल्या, आशा झाल्या आणि गेल्या. शेवटी दोघांनी ठरवलं, बास. आपण दोघं आहोत, पुष्कळ आहे. आईला सांगायचं मात्र रोहिणीला धाडस होईना. पोरीला आईच्या पुढ्यात एक ताट वाढायचं होतं. आणि त्या ताटाच्या आड रोज ते न होणारं लेकरू येऊन बसत होतं.

मी फार विचार केला नाही. विचार करत बसायची मला सवय नाही. एक दिवस टेरीच्या हॉटेलात चहा आला आणि मी सांगितलं, "विहीणबाई, नातवंड होणार नाही. डॉक्टर झाले सगळे. त्यांनी आता सोडून दिलंय."

बाईंचा चमचा कपात तसाच राहिला. काउंटरवर कुणाची तरी अंडी आली होती, टेरी बाईंकडं बघत होता, पण पुकारायला कुणी नाही. अंडी थंड झाली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"मला का नाही सांगितलं तिनं?" म्हणल्या.

"तुम्ही रोज काय म्हणता?"

मग म्हणल्या, "मी रोज जेवण पुढं ढकलत होते, आणि दर वेळी तिच्या जखमेवर बोट ठेवत होते." आणि लोकरीची टोपी डोक्यावरनं काढून मांडीवर ठेवली, आणि तिच्याकडंच बघत बसल्या.

मी म्हटलं, "मग आज घरी जेवा."

"छे! आज एकदम जेवले तर तिला कळेल की नाही, तुम्ही सांगितलंय म्हणून? कीव केली असं वाटेल. लेकीची कीव करायची नसते." मग एकदम पाठ ताठ झाली. नवीन गाडी लागली होती. "विहीणबाई, टेरीला आमटी शिकायची आहे."

"टेरी कधी म्हणला?"

"म्हणेल."

घरी जाऊन त्यांनी रोहिणीला सांगितलं, की तो टेरी माझ्या मागं लागलाय, आपल्याकडची आमटी कशी असते म्हणून, मला इथले मसाले ठाऊक नाहीत, तूच एक दिवस करून आण. आणि हॉटेलात मिळालेलं ते हॉटेलचं, तिथं नियम लागू नाही, हे पण सांगून टाकलं, कुणी विचारलं नसताना. रोहिणी काही खुळी नाही. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले. रात्री हळूच विचारलं तिनं, "तुम्ही सांगितलंत?" मी म्हटलं, "सांगितलं." माझ्या ताटात भात वाढला, मी नको म्हणत असताना आणखी वाढला.

तिच्या सुट्टीच्या दिवशी पातेल्याला फडकं बांधून आम्ही तिघी निघालो. आमटी, भात, बटाट्याची भाजी. टेरीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बाईंनी पातेलं त्याच्या काउंटरवर ठेवलं आणि म्हणल्या, "टेरी, यू कुक." टेरी म्हणला, "डिड आय?" बाई म्हणल्या, "येस." तो आवाज. टेरीनं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणला, बरं, मी केलंय. रोहिणी काउंटरच्या आत गेली आणि तिनं वाढायला घेतलं. टेरीच्या निळ्या कडेच्या ताटल्यांत आमटी-भात. टेरी ताट घेऊन आला, "बॉय मदर फर्स्ट," म्हणून आधी माझ्यापुढं ठेवलं, मग विहीणबाईंपुढं. रोहिणी बंबाआड उभी. तिचं नुसतं कपाळ दिसत होतं.

विहीणबाईंनी भात कालवला. हातानं. पहिला घास घेतला. लग्नानंतर लेकीच्या हातचा पहिला घास. डोळे मिटले. बंब शीळ घालायचा तो पण नेमका गप्प. मग बाई उठून उभ्या राहिल्या, आमटीचा हात तसाच वर धरून, आणि साऱ्या हॉटेलात आवाज घुमला. "कृपया इकडं लक्ष द्या! आमटीत गूळ जास्त झालेला आहे. करणारीनं पुढच्या खेपेला हात आखडता घ्यावा." मग जरा थांबल्या, घसा खाकरला. "आणि आत्ता आणखी एक वाटी घेऊन यावं."

गोऱ्यांना वाटलं कुणाची तरी ऑर्डर आली. दोघंजण उठले पण. रोहिणी बंबामागनं वाटी घेऊन आली. हसत होती आणि नाक पुसत होती, आणि वाटी हिंदकळत होती. टेरी मला विचारत होता, माझ्या आमटीबद्दल काय म्हणतायत? मी सांगितलं, व्हेरी गुड म्हणतायत.

मग दर आठवड्याला ते ठरूनच गेलं. गूळ कमी झाला, मग चिंच जास्त झाली, मग दोन्ही बरोबर झालं तर बाईंना पुकारायला काही राहिलं नाही, म्हणून भाताला नाव ठेवलं. टेरीला तर पुढं पुढं खरंच वाटायला लागलं की आमटी तोच करतो. गिऱ्हाइकांना सांगायचा, माझ्या आमटीचं रहस्य विचारू नका. आणि संध्याकाळचं ते नातवंडाचं वाक्य बाईंच्या तोंडून परत कधी आलं नाही. त्याच्या जागी दुसरं काही घालायचा प्रयत्न पण केला नाही त्यांनी. टोस्टचं सांगायच्या आणि थांबायच्या. घरात मात्र नियम तसाच. कोरा चहा, स्वतःची साखर.

व्हिसा संपला. जायच्या सकाळी बॅगा दारात. संजय वर पासपोर्ट परत परत बघत होता. विहीणबाई जाकीट घालून, टोपी घालून तयार. माझ्या पाया पडल्या, मी नको म्हटलं तरी. मग दरवाज्याकडं न जाता स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी उजवा हात पुढं करून उभ्या राहिल्या.

"रोहिणी, माणूस लांबच्या गावाला निघालंय. हातावर दही घालतेस, की तशीच जाऊ?"

पोरगी नुसती बघत राहिली. मग तिनं फ्रिज उघडला, दह्याचा डबा काढला, आणि घाईघाईत निम्मं दही जमिनीवर सांडलं. उरलेल्यातलं चमचाभर आईच्या हातावर घातलं. तिच्याच घरातलं दही, तिच्याच फ्रिजमधलं. वर साखर घातली, बारीक दाण्याची. विहीणबाईंनी तळहात तोंडाशी नेला आणि चाटूनपुसून साफ केला, लहान मूल करतं तसं. हात तसाच परत पुढं धरला.

रोहिणीनं खिडकीशी उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. टॅक्सी दारात येऊन कधीची उभी होती, ड्रायव्हर घड्याळ बघत होता.

मी म्हटलं, "अजून आली नाही. घाल की."